नकोबाची चौदा वाक्यं

सदर कर्मचारी पुरुष असून वय वर्षे सत्तावन्न, उंची मध्यम, बांधा किरकोळ. ओळखीची खूण: उजव्या भुवईवर जुना व्रण. हुद्दा: ज्येष्ठ प्रणाली अभियंता, श्रेणी दोन, श्रेणी एकसाठी तीनदा शिफारस, तीनदा विस्मरण. वर्तणूक समाधानकारक. वैवाहिक स्थिती: 'लागू नाही' (फॉर्मवर असा पर्याय नव्हता, सदर कर्मचाऱ्याने चौकोन स्वतः आखून त्यात खूण केली आहे). आपत्कालीन संपर्क: थोरली बहीण, वास्तव्य परगावी. बहिणीशी संपर्क: दररोज, सकाळी सात वाजता. हजेरी: शंभर टक्के.

या माणसाला कंपनीत सगळे नकोबा म्हणत. तोंडावर म्हणण्याची छाती मात्र एकट्या तपासणीस बाईंची. बाई चाचणी विभागाच्या प्रमुख होत्या आणि त्यांचा आवाज असा होता, की परगावच्या माणसाशी बोलतानाही फोन केवळ शिष्टाचार म्हणून हातात धरावा.

कंपनी पाणी उपसणाऱ्या पंपांची नियंत्रण-यंत्रं बनवायची. कुठल्या तरी टेकडीवरच्या पंपघरात, कपाटाच्या खालच्या फळीवर डब्याएवढी एक पेटी असते आणि त्या पेटीत एक छोटा संगणक. त्याच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. बाकीच्या सगळ्या प्रोग्रॅमना पाळीपाळीने वेळ वाटून द्यायचा, त्यांची भांडणं मिटवायची आणि स्वतः कधी झोपायचं नाही, असं हे घरातल्या थोरल्या सुनेचं काम तो बिनबोभाट करत असतो.

तरी त्याच्यावर नजर ठेवायला एक पहारेकरी नेमलेला असतोच. त्याचं खरं नाव वॉचडॉग. कंपनीत नुसतं 'कुत्रा'. गाभ्याने दर चार सेकंदांनी एका जागी वेळ टिपून ठेवायची आणि कुत्र्याने ती नोंद बघायची. वीस सेकंदं नवी नोंद दिसली नाही, की कुत्रा ठरवतो यंत्र अडकलं, आणि भुंकतो. भुंकतो म्हणजे सगळं बंद पाडून यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. तेवढ्यात पंप थांबतात, नळ कोरडे पडतात, आणि अंगाला साबण लावून उभी असलेली माणसं कंपनीचा उद्धार करतात.

आता, गप्प बसलेलं प्रत्येक यंत्र काही मेलेलं नसतं. जुन्या नोंदी पुसून स्मृतीत जागा करायला बसलं, की ते सव्वीस सव्वीस सेकंदं मान वर करत नाही. कुत्र्याला वाटतं, गेलं. नकोबाचं काम, गेली एकोणीस वर्षं, हे खोटं भुंकणं थांबवण्याचं. उपाय सांगायला सोपा होता. लांबलचक काम करणाऱ्या कोडनेच मधेमधे कुत्र्याला थोपटायचं: आहे रे बाबा, कामात आहे. एकच ओळ लिहायची. ती कुठे लिहायची, हे ठरवण्यात नकोबाचे केस गेले. चुकीच्या जागी पडली, तर यंत्र खरोखर अडकलं तरी कुत्रा शेपूट हलवत बसतो.

लोकांना अर्थात सोपी जागा हवी असे. सगळ्यांत सोपी जागा म्हणजे घड्याळ. आत काहीही होवो, घड्याळाचा ठोका पडतोच. ती ओळ त्या ठोक्यालाच बांधून टाकली की भुंकणं बंद, तक्रारी बंद, साहेब खूश. वर्षातून चार-पाच वेळा कोणी ना कोणी हा शोध नव्याने लावून दुरुस्ती म्हणून पाठवी. नकोबाचं उत्तर तासाभरात येई आणि ते ठरलेलं असे: "नको. थोपटणारा हात काम करणाऱ्याचाच हवा. घड्याळाने थोपटलं तर मढंही ठणठणीत दिसेल."

तास महत्त्वाचा होता, कारण कंपनीचा नियम होता: पाठवलेल्या दुरुस्तीवर चोवीस तासांत हरकत न आल्यास संमती समजली जाईल. हा नियम नकोबाला मनस्वी नापसंत. त्यावर त्याने लेखी हरकत घेतली होती. ती पंचविसाव्या तासाला पोहोचली.

घरी हा माणूस एकटा राहत असे. दोन खोल्या, एक न्हाणीघर, खिडकीत एक खुर्ची. दुसरी खुर्ची होती, तिच्यावर कपडे बसत. खाली शिंप्याचं दुकान. शिलाईयंत्राची घरघर दिवसभर जमिनीतून वर यायची आणि तीच घरातली सोबत. परगावी ताई. त्याच्याहून चौदा वर्षांनी मोठी. तीही एकटी, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. ती अजून त्याला 'छोट्या' म्हणायची. आई गेली त्या दिवशी दोघांत ठरलं होतं: रोज सकाळी आठच्या आत त्याने एक निरोप लिहायचा. आला नाही तर ताई काय ते बघेल.

ताईने एकदाच बघितलं. त्या दिवशी नकोबा पहाटेच कामावर गेला होता. टेकडीवरचा पंप आठवड्यातून दोनदा थांबत होता आणि त्याचं कारण चिमटीत सापडायला आलं होतं. चाचणीच्या खोलीत फोन न्यायला बंदी, म्हणून फोन खणात. निरोप राहिला. संध्याकाळी कारण सापडल्याच्या आनंदात तो घरी आला, तर दाराला कुलूप नव्हतं, कुलपाच्या जागी भोक होतं, आणि आत त्याच्या एकुलत्या एका रिकाम्या खुर्चीवर शिंपी बसला होता. कुलूप तोडणारा आणि एक हवालदार उभे होते.

"जिवंत आहात होय?" शिंपी म्हणाला. त्याच्या आवाजात किंचित निराशा होती. दिवसभराचं दुकान बुडालं होतं. "साहेब, पुढच्या वेळी खरंच काही झालं तरच बोलवा."

ताईने फोनवर तासभर आधी रडून आणि मग रागावून घेतलं. नकोबाने सुचवलं की मुदत आठऐवजी दुपारी बारा करावी.

"आणि बारापर्यंत मी काय करू? श्वास धरून बसू?"

यात तिचं चूक काहीच नव्हतं. चूक त्याने पुढच्या रविवारी केली. दाराला नवं कुलूप बसवून, त्याची एक किल्ली शिंप्याकडे देऊन झाल्यावर त्याने चाळीस मिनिटांत एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. रोज सकाळी बरोबर सातला तो ताईला निरोप पाठवी. संशय येऊ नये म्हणून त्यात चौदा वेगवेगळी वाक्यं होती, उलटसुलट क्रमाने येणारी. 'उठलो. चहा झाला.' 'आज हवा बरी आहे.' 'काल झोप छान लागली.' 'आज काम जास्त आहे.' रविवारसाठी खास: 'आज निवांत.' काम चोख होतं. इतकं चोख, की घड्याळाला बांधलेली ओळ एकोणीस वर्षं नाकारणाऱ्या माणसाला आपण नेमकी तीच ओळ लिहिली, हे लक्षातही आलं नाही. कार्यालयात ती नजरेला पडती तर तासाभरात 'नको' आलं असतं. घरी तपासायला कोणी नव्हतं.

ताईची उत्तरं यायची. सकाळी सात वाजून काही मिनिटांनी फोन टिंग वाजायचा आणि नकोबा कूस बदलायचा. आठवड्याने कधीतरी तो ती एकदम वरवर बघे, खाली एक अंगठा टाके. अकरा महिने असे गेले. कुत्रा एकदाही भुंकला नाही.

सोमवार-मंगळवार कंपनीत घरून काम करायची मुभा होती. अशाच एका सोमवारी, साडेसहाच्या सुमाराला, नकोबा न्हाणीघरात घसरला. मांडीचं हाड मोडल्याचा आवाज त्याने ऐकला. वाळकी फांदी मोडावी तसा, म्हणजे तसा फार मोठा नव्हे. बादली उलटी झाली. फोन पलीकडच्या खोलीत. हाक मारायची तर शिंप्याची सोमवारी सुट्टी. तरी त्याने हाका मारल्या. पहिली हाक कोणाच्या नावाने मारायची, यात थोडा वेळ गेला.

सातला फोन टिंग वाजला. प्रोग्रॅमने निरोप पाठवला होता. चार मिनिटांनी पुन्हा टिंग. ताईचं उत्तर.

फरशीवर पडलेल्या माणसाला विचार करायला भरपूर वेळ असतो. नकोबाने हिशेब मांडला. ताई निश्चिंत आहे. ती निश्चिंत आहे म्हणून शिंपी निश्चिंत आहे. कार्यालयाला घरचा संगणक चालू दिसतो आहे. संगणक चालू म्हणजे हजर. बुधवारी तो गेला नाही तर बुधवारी दुपारी कोणी विचारील, बहुधा गुरुवारी. प्रोग्रॅम थांबण्याची शक्यता त्याने तपासली. वीज गेली तर थांबेल, पण संगणकाला त्याने स्वतः मोठी बॅटरी जोडून दिली होती. चौदा वाक्यं संपली, तर तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करील. आयुष्यात त्याने लिहिलेलं एवढं एकच काम निर्दोष होतं.

खालचा नळ बोटांच्या टोकाला लागत होता. तो थेंबाथेंबाने ओंजळ भरून पीत राहिला. मंगळवारी शिलाईयंत्र सुरू झालं, तेव्हा हाक मारायला आवाज उरला नव्हता. तो मगाने फरशीवर ठोकत राहिला. मग प्लास्टिकचा होता, आणि शिलाईयंत्राची लय अशी की त्याचे ठोके तिच्यात चपखल बसत.

त्याआधी सातला फोन पुन्हा टिंग वाजलाच होता.

इकडे कंपनीत, सोमवारी सकाळी अकराला पलीकडच्या गटाने आठवडाभर गाजावाजा केलेली एक दुरुस्ती पाठवली होती. घड्याळाच्या ठोक्याला थोपटणारी ओळ, यंदाची तिसरी. मंगळवारी अकराला चोवीस तास भरले आणि दुरुस्तीखाली आपोआप हिरवी अक्षरं उमटली: संमत. त्या गटाने टाळ्या वाजवल्या. तपासणीस बाईंनी ती अक्षरं वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि उभ्या राहिल्या.

"नकोबाने याला हरकत घेतली नाही?"

"नाही ना! सुधारले म्हणायचे."

"सुधारला नाही. काहीतरी झालंय त्याला."

फोन उचलला जात नव्हता. बाई टॅक्सी करून थेट घरी पोहोचल्या आणि दार ठोकून उपयोग होईना, तेव्हा शिंप्याच्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या. शिंपी एका कोटाची कॉलर उसवत होता. त्याने तोंडातल्या टाचण्या काढायचीही तसदी घेतली नाही.

"किल्ली द्या वरची."

"बाई, हा खेळ एकदा खेळून झालाय. त्यांच्या ताईंना विचारा आधी." त्याने स्वतःच फोन लावून दिला. ताई म्हणाली, "अहो, सकाळीच निरोप आला त्याचा. उठलोय, चहा झालाय म्हणून. कामात असेल. कामात असला की त्याला जगाचं भान नसतं."

"बघा," शिंपी म्हणाला.

"निरोपाचं मला काय सांगता?" बाई त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, तसं कोट बघायला आलेलं गिऱ्हाईक दारातच थांबलं. "आमच्या कंपनीत फ्रिजसुद्धा निरोप पाठवतो. या माणसाने कालपासून कोणाला नको म्हटलेलं नाही. एकोणीस वर्षांत असं झालेलं नाही. देताय किल्ली, की मी दार तोडू?"

शिंप्याने एकवार दाराकडे पाहिलं, एकवार बाईंकडे, आणि किल्ली दिली.

न्हाणीघराचं दार उघडलं तेव्हा नकोबाने आधी टॉवेल मागितला. मग तो काहीतरी पुटपुटला. बाईंना वाक्यातलं पहिलं अक्षरही कळेना, म्हणून त्या वाकल्या.

"पलीकडच्या गटाची ती दुरुस्ती," तो म्हणत होता. "आली का?"

"आली. संमत झाली."

"नको," नकोबा म्हणाला.

ऑपरेशन झाल्यावर तिसऱ्या दिवशी ताई आली. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात सुटकेस. खाटेशेजारच्या स्टुलावर बसून तिने आधी त्याच्या पायाकडे, मग चेहऱ्याकडे बघितलं.

"हा चष्मा कसला?"

"डोळ्याचं ऑपरेशन झालं की. तीन आठवडे होतील. लिहिलं होतं तुला."

त्याने फोन उघडला आणि मागे मागे जात राहिला. तिथे ते होतं. 'छोट्या, बुधवारी डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय. सोबत कुणीतरी आणा म्हणतात. येशील का?' त्याखाली, दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर सातला: 'आज काम जास्त आहे.' त्याखाली, सात वाजून नऊ मिनिटांनी: 'बरं. काम महत्त्वाचं.' आणि त्याखाली त्याने स्वतःच्या हाताने, कधीतरी, टाकलेला अंगठा.

"फोन का नाही केलास?"

"फोनवर विचारलं की माणसाला नाही म्हणता येत नाही. म्हणून लिहून विचारलं. तुला मोकळीक असावी."

तेव्हा त्याने सगळं सांगितलं. रविवार, चाळीस मिनिटं, चौदा वाक्यं. खोलीत कुणाच्या तरी सलाइनच्या स्टँडचं चाक कुरकुरत गेलं.

"अकरा महिने?"

"हो."

"तीच ती वाक्यं फिरून येतात, हे माझ्या लक्षात आलं होतं," ती म्हणाली. "मला वाटायचं, तुझं आयुष्यच तेवढं आहे."

यावर हरकत घेण्यासारखं नकोबाला काही सापडलं नाही.

ताई आठ दिवस राहिली. त्याला कुबड्या घेऊन घरात चालता येऊ लागल्यावर गेली. जाताना म्हणाली, "तो खेळ बंद कर." त्याने तिच्यासमोर प्रोग्रॅम पुसला. दुसऱ्या दिवसापासून तो हाताने लिहू लागला. पहिल्या निरोपाला पंचवीस मिनिटं लागली आणि झाली सहा शब्दांची ओळ. ताईची उत्तरं येत, पण आखूड. 'बरं.' 'ठीक.' पूर्वी ती शेजारच्या मांजराबद्दल लिहायची, नळाला येणाऱ्या गढूळ पाण्याबद्दल, स्वप्नांबद्दल. अकरा महिन्यांची ती उत्तरं आता तो रोज थोडी थोडी वाचत होता. मांजराला पाच पिल्लं झाली होती. एक दगावलं होतं. त्या दिवशी प्रोग्रॅमने लिहिलं होतं, 'आज निवांत.'

मग दीड महिन्याने, एका सोमवारी, उत्तर आलं नाही. मंगळवारीही नाही. फोन केला, वाजत राहिला. दुपारी केला. संध्याकाळी केला.

यंत्राला वीस सेकंदं द्यावीत, हे नकोबाला ठाऊक होतं. एकाहत्तर वर्षांच्या रागावलेल्या बाईला किती द्यावीत, हे कुठल्याच कागदात नव्हतं. ती रुसली असेल. फोन कुठे विसरली असेल. किंवा न्हाणीघरात असेल, नळ बोटांच्या टोकाला लागत असेल किंवा नसेल. तिच्या शेजाऱ्यांना फोन करावा, तर ते कुलूप तोडणार, आणि ती जन्मभर ऐकवणार. न करावा, तर जन्मभर ऐकवायला ती हवी.

बुधवारी पहाटेची बस पकडून तो निघाला. साडेचार तास मोडका पाय मधल्या वाटेत ताणून बसला. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस त्यावर अडखळून त्यालाच बोलत होता. ताईचं घर दुसऱ्या मजल्यावर. कुबड्या एका हातात, कठडा दुसऱ्या हातात, असे बावीस पायऱ्या चढून त्याने बेल वाजवली. एक, दोन, तीन. तो सेकंदं मोजत होता. सतराला आतून पावलं वाजली.

ताईच्या दुसऱ्या डोळ्यावर पांढरी पट्टी होती.

"तू?"

"फोन का उचलत नाहीस?"

"सोमवारी हा डोळा केला. आज सकाळी सोडलं मला. फोन पडला कुठे तरी, दिसतोय कुणाला?" तिने एका डोळ्याने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "एवढ्यासाठी या पायाने आलास? शेजारी फोन करायचास."

"शेजारी कुलूप तोडतात."

"खोटीच धावपळ झाली म्हण तुझी."

"हो. खोटीच." तो भिंतीला टेकला. "मला सांगितलं का नाहीस? आलो असतो."

"तुला काम जास्त असतं," ताई म्हणाली. ती बाजूला झाली नाही आणि तिने दारही लावलं नाही. मग घरातल्या झग्याच्या खिशातून तिने एक बाटली काढून त्याच्यापुढे धरली. "आलाच आहेस तर हे थेंब घाल. मी घातले की निम्मे गालावर जातात."

तो दारातच, एका कुबडीवर भार टाकून, थेंब घालू लागला. पहिला थेंब गालावर गेला.

"राहू दे," ताई म्हणाली, "तुझ्याच्याने नाही व्हायचं."

"नको. थांब," तो म्हणाला, आणि दुसरा नीट पडला.

कंपनीच्या हजेरीपत्रकात नकोबा न्हाणीघरात पडून होता ते दोन्ही दिवस 'हजर' अशी नोंद आहे. ताईच्या दारात उभा होता तो बुधवार गैरहजर लागला आहे, विनापरवानगी.